हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम कसं लावावं?

हरभरा निघालेल्या रानात पुढच्या खरिपाची ज्वारी वेगळीच उठते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा रानावर राहणारा परिणाम, चांगला, असं जुनी माणसं म्हणत आली. त्यामागचं कारण १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवलं: मुळांवरच्या गाठींमुळे द्विदल पिकांना हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळतो. गाठीतला जिवाणू १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी वेगळा काढला. त्यालाच आज आपण रायझोबियम म्हणतो.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या दोन अणूंची गाठ इतकी पक्की की कोणत्याही झाडाला तो थेट घेता येत नाही. हरभऱ्याचं कोवळं मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं. ती ओळखून हे जिवाणू मुळाच्या केसाला चिकटतात, केस वाकतो, आणि त्यातून आत शिरून ते गाठ धरतात. गाठीत नायट्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) हवेतल्या नत्राचं अमोनियात रूपांतर करतं. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं.

म्हणजे रायझोबियमच्या पाकिटात जी काळसर भुकटी असते ते नुसतं खत नव्हे, त्यात जिवंत जिवाणू आहेत. दुधाला विरजण लावताना आपण जी काळजी घेतो, तीच इथे घ्यायची. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

पाकीट घेताना

पाकिटावर पिकाचं नाव वाचा. हरभऱ्याला हरभऱ्याचंच रायझोबियम लागतं. खरिपातलं सोयाबीनचं उरलेलं पाकीट इथे कामाचं नाही, कारण त्यातला जिवाणू वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग आणि कोकणात भातानंतर घेतला जाणारा वाल ही मंडळी मात्र एका गटातली आहेत. ज्वारी-गव्हाला मिळणारं अ‍ॅझोटोबॅक्टर हे दुसरं जिवाणू खत मुळांवर गाठी करत नाही, त्याचा हिशोब निराळा.

मग वापराची अंतिम तारीख बघा. नियमानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. ही संख्या उन्हात भराभर घटते. एका वर्षी मी पाकिटं गाडीच्या डिकीत ठेवली आणि बाजारातली बाकीची कामं उरकत दुपार केली. त्या हंगामात रोपामागे दोन-तीनच गाठी सापडल्या. तेव्हापासून पाकिटं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतो आणि घरात माठाजवळ, सावलीत ठेवतो.

लावण्याचा क्रम

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लावायचं असेल तर ते, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. रासायनिक औषध लावलेलं बियाणं पूर्ण सुकल्याशिवाय रायझोबियमला हात लावू नका. मर रोगासाठी मी ट्रायकोडर्मा वापरतो, किलोला ५ ग्रॅम. तीही जिवंत बुरशी, त्यामुळे दोघांचं जमतं.

गुळाचं पाणी

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ घालून उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. बोट घालून बघा, कोमटही लागता कामा नये. गुळामुळे भुकटी दाण्याला चिकटून राहते.

प्रत्यक्ष लावणी

प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. एकरी ३० किलो बियाणं धरलं तर तीन पाकिटं झाली. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणूही याच वेळी, याच प्रमाणात लावून घ्या. भुकटीत गुळाचं पाणी थोडं थोडं घालत धिरड्याच्या पिठाइतकं सैल करा. सगळं पाणी संपलंच पाहिजे असं नाही. बियाणं ताडपत्रीवर पसरा, वरून हे मिश्रण शिंपडा आणि दोन्ही हातांनी खालून वर उलथत राहा. दाण्यादाण्यावर पातळ काळा थर दिसला की थांबा. चोळू नका. सोयाबीनच्या बाबतीत तर हे फारच जपा, त्याचं साल पातळ असतं आणि जोराने चोळल्यास उगवण घटते.

बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी, फार तर २४ तासांच्या आत, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, पेरा. कोरड्या ढेकळांत टाकलेला जिवाणू तग धरत नाही.

खत देताना

जिवाणू लावलेलं बियाणं रासायनिक खतात मिसळून पेरू नका. हरभऱ्याला सुरुवातीला हेक्टरी २५ किलो नत्र पुरतं. पीक पिवळं दिसलं की युरियाची पोती उघडली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरणंच कमी करतं. स्फुरदात मात्र कसर नको, कारण नत्र स्थिर करायला फार ऊर्जा लागते आणि ती झाडात खेळवायला स्फुरद लागतं. पाणी साचूनही चालत नाही, गाठींना हवा लागते.

गाठी तपासताना

पेरणीनंतर ४० दिवसांच्या आसपास वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा रोपं खुरप्याने मातीसकट काढा. उपटली तर गाठी मातीतच राहतात. मुळं बादलीत बुडवून माती आपोआप सुटू द्या. सोयाबीनची गाठ गोल, हरभऱ्याची मात्र आल्याच्या चिमुकल्या कुडीसारखी फुटवे फुटलेली असते. ती मुळाच्या बाजूला असते आणि नखाने सहज सुटते. मूळच फुगलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल तर तो सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, त्रास समजा.

आता गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं की काम जोरात चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या भावंडाचा. जास्तीचा प्राणवायू नायट्रोजिनेजला निकामी करतो, तो आवरून धरण्याचं काम ते करतं. आत पांढरं असेल तर गाठ अजून कामाला लागलेली नाही किंवा निकामी आहे. घाटे भरताना हिरवट-तपकिरी दिसलं तर चिंता नको, तोवर गाठीचं वय झालेलं असतं.

काढणी

आपल्याकडे हरभरा उपटून काढतात. शक्य असेल तिथे विळ्याने कापा. बराचसा नत्र दाण्यांत जातो, तो आपण घरी नेतोच. उरलेला मुळांत आणि पाल्यात असतो. मुळं रानातच कुजली आणि भुसकट शेणखताच्या उकिरड्यात गेलं, तर तो पुढच्या ज्वारीला मिळतो.