ओळख-चाचणीत स्मृती आणि ‘होय’ म्हणण्याचा कल वेगळे कसे मोजावेत

प्रत्यभिज्ञेच्या, म्हणजे आधी पाहिलेले ओळखण्याच्या, प्रयोगात प्रयुक्ताला (भाग घेणाऱ्या व्यक्तीला) आधी शब्दांची यादी दाखवतात आणि नंतर तेच शब्द नव्या शब्दांत मिसळून, प्रत्येक शब्द आधी पाहिला होता का, असे विचारतात. अहवालात केवळ बरोबर ओळखलेल्या जुन्या शब्दांची संख्या देऊन थांबू नये, कारण समोर येईल त्या शब्दाला ‘होय’ म्हणणाऱ्यालाही त्या मोजणीत पैकीच्या पैकी गुण मिळतात. स्मरणाची क्षमता आणि ‘होय’ म्हणण्याचा कल वेगळे काढण्याची रीत संकेत-शोधन सिद्धान्तात आहे. रडारच्या अभ्यासाशी नाते असलेला हा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ टॅनर आणि स्वेट्स यांनी १९५४ मध्ये दृष्टिसंवेदनाला लावून दाखवला.

प्रथम प्रत्येक प्रयुक्ताची दोन प्रमाणे काढावीत: जुन्या शब्दांपैकी किती शब्दांना ‘होय’ म्हटले, म्हणजे हिटचे प्रमाण, आणि नव्या शब्दांपैकी किती शब्दांना चुकून ‘होय’ म्हटले, म्हणजे फॉल्स अलार्मचे प्रमाण. प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यावरून दोन्हींची झेड मूल्ये, म्हणजे ते प्रमाण वितरणाच्या मध्यापासून किती प्रमाण विचलने दूर पडते ते सांगणारे आकडे, घ्यावीत. हिटच्या झेडमधून फॉल्स अलार्मचा झेड वजा केला की डी-प्राइम, म्हणजे संवेदनक्षमता, मिळते. दोन्हींची बेरीज निम्मी करून चिन्ह बदलले की निकष, म्हणजे ‘होय’ म्हणण्याचा कल दाखवणारा सी, मिळतो.

समजा, जुने ५० आणि नवे ५० शब्द आहेत. पहिल्या प्रयुक्ताचे हिट ४० आणि फॉल्स अलार्म १०, म्हणजे झेड ०.८४ आणि −०.८४, त्याचा डी-प्राइम १.६८ आणि सी शून्य. दुसऱ्याचे हिट ४५, पण फॉल्स अलार्म २५, म्हणजे झेड १.२८ आणि ०. त्याचा डी-प्राइम १.२८ आणि सी −०.६४. नुसते हिट पाहणारा दुसऱ्याची स्मृती सरस ठरवील, आणि तो निष्कर्ष चुकीचा असेल. दुसऱ्याच्या सीचे ऋण चिन्ह तो ‘होय’ म्हणण्यास अधिक तयार असल्याचे सांगते.

प्रमाण १ किंवा ० आले, तर झेड अनंत होतो. अशा प्रयुक्ताला वगळू नये, कारण तसे केल्यास सर्वांत चांगली स्मृती असलेलेच गळतात. त्याऐवजी सर्वच प्रयुक्तांच्या ‘होय’ उत्तरांच्या संख्येत ०.५ आणि शब्दांच्या संख्येत १ मिळवावा. मग ५० पैकी ५० चे प्रमाण ५०.५ भागिले ५१, म्हणजे ०.९९ होते. ही दुरुस्ती अडलेल्या एकट्यालाच लावणे मला अयोग्य वाटते, कारण मग प्रयुक्तांची मूल्ये एका मापाने मोजलेली राहत नाहीत.

डी-प्राइम प्रत्येकाचा स्वतंत्र काढून मगच मध्यमान घ्यावे. सर्वांची उत्तरे एकत्र ओतून काढलेले मूल्य सहसा कमी येते. त्याच प्रयुक्तांना दोन अटींतून, म्हणजे प्रयोगाच्या दोन वेगळ्या परिस्थितींतून, नेले असेल, तर प्रत्येकाच्या दोन डी-प्राइममधील फरकावर युग्मित टी-चाचणी (त्याच व्यक्तींच्या दोन मूल्यांतील सरासरी फरक तपासणारी चाचणी) करावी आणि फरकाचे मध्यमान विश्वास-अंतरालासह, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे त्या मर्यादांसह, द्यावे.

येथे आराखड्यातील एक अडचण आधीच ओळखावी. समजा, काही शब्दांच्या अर्थाकडे आणि काहींच्या अक्षरांकडे लक्ष द्यायला सांगितले आणि शेवटी सर्वांची एकच मिश्र चाचणी घेतली, तर नवे शब्द कोणत्याच अटीचे नसतात. फॉल्स अलार्मचे प्रमाण दोन्हींकडे तेच वापरावे लागते, आणि मग डी-प्राइममधील फरक हा हिटच्या झेडमधील फरकच असतो. अटीनुसार कल बदलतो का, हे तपासायचे असेल, तर प्रत्येक अटीची चाचणी तिच्या स्वतंत्र नव्या शब्दांसह वेगळी घ्यावी.