वादळ समुद्रात, होडी धरणात: नाशिकच्या होडीवाल्यांनी काय करावं

डहाणूचा किनारा नाशिकपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. त्या सह्याद्रीच्या भरवशावर गंगापूर, दारणा, मुकणे, नाहीतर नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या पाण्यात होडी बांधून आपण निवांत असतो. वादळाची बातमी लागली की हळहळायचं ते कोकणातल्या कोळ्यांसाठी. पण ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं आणि त्याच रात्री इकडे नाशिकला वारा-पाऊस सुरू झाला. जमिनीवर आल्यावर वादळाचं समुद्रातलं गरम पाणी तुटतं, डोंगर-झाडांशी घासून वारा मंदावतो. पाऊस मात्र इतक्या सहज सुटत नाही. शिवाय जो वारा उरतो तो चौदा-पंधरा फुटी होडी उलथवायला पुरतो.

हा लेख अशाच छोट्या होडीवाल्यांसाठी आहे: धरणात मासेमारी करणारे, शेतघराच्या काठाला हौसेने होडी ठेवणारे, पाहुण्यांसाठी दोन-चार कयाक घेतलेले. समुद्रावरच्या होडीचे नियम वेगळे, ते इथे नाहीत.

बातमीतलं आपल्या कामाचं

हवामान खात्याचा इशारा चार टप्प्यांत येतो. किनाऱ्यावर त्रास सुरू व्हायच्या साधारण ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी. चौथा टप्पा वादळ किनाऱ्याला लागण्याच्या किमान १२ तास आधी येतो. जमिनीवर चढल्यावर वादळ कुठे जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे त्यात असतं. टीव्हीवाले तोवर समुद्राच्या लाटा दाखवण्यात गुंतलेले असतात, पण नाशिककराने वाचायचं ते हेच. मात्र होडी काढायला त्याची वाट बघू नका. काम पिवळ्या इशाऱ्यालाच सुरू करायचं, चौथ्या टप्प्यात फक्त आपला अंदाज तपासायचा.

शब्दांकडेही लक्ष द्या. वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर ‘कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं’ असं म्हणतात, ५० ते ६१ ला ‘अतितीव्र’, आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ. नाव तेव्हाच मिळतं. नाशिकपर्यंत येताना बहुतेक वेळा पायरी उतरलेली असते आणि बातमीत ‘वादळ निवळलं’ असं येतं. ते निवळणं किनाऱ्याच्या मोजपट्टीवरचं. ताशी ५० चा वारा उघड्या पाण्यावर छोट्या होडीला सोसत नाही. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं आपोआप समजतं.

नकाशावर वादळाच्या पुढे पंख्यासारखा रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात. आपण मधल्या रेघेवर नाही म्हणून सुटलो असं समजू नका. वादळाचा मध्य त्या पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतो, आणि पाऊस तर पट्ट्याच्या बाहेरही पडतो.

वारा उलट्या बाजूने येतो

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. आपल्या सगळ्या होड्या मावळतीच्या वाऱ्याच्या हिशोबाने बांधलेल्या असतात. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, म्हणून टेकडीच्या, बांधाच्या किंवा झाडीच्या पूर्वेला आडोसा शोधायचा, हे हाताला इतकं बसलंय की आपण विचारही करत नाही. वादळ नैर्ऋत्येकडून येत असताना मात्र नाशिकला वारा आधी आग्नेयेकडून आणि पूर्वेकडून, म्हणजे उगवतीकडून सुटतो. ज्या खोबणीत होडी वर्षानुवर्षं सुखरूप राहिली, तीच खोबण त्या दिवशी वाऱ्याच्या तोंडावर येते.

पुढे वारा कसा फिरेल तेही सांगता येतं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचा मध्य साधारण तुमच्या डाव्या हाताला असतो. आपल्याकडच्या डोंगरांमुळे वारा जरा वळतो, म्हणून हे ढोबळच धरा. वादळ नाशिकच्या दक्षिणेने पूर्वेकडे सरकलं, तर वारा आग्नेयेवरून पूर्व, ईशान्य आणि शेवटी उत्तरेला जातो. ते पश्चिमेकडून, किनाऱ्याच्या कडेने गुजरातकडे गेलं, तर वारा आग्नेयेवरून दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला. मे २०२१ चं ‘तौक्ते’ त्या दुसऱ्या वाटेने गेलं होतं. म्हणजे एकाच बाजूचा आडोसा कधीच पुरणार नाही. होडी पाण्यात ठेवायचीच असेल तर ती तीन बाजूंच्या वाऱ्याला तोंड देईल अशी बांधावी लागेल. त्यापेक्षा ती बाहेर काढणं सोपं आहे, आणि माझा आग्रहही तोच आहे.

जूनचं वादळ आणि ऑक्टोबरचं वादळ

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी, मे-जूनला येतात आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरला. समुद्रावर दोन्ही सारखीच. धरणात तसं नाही.

जूनमध्ये धरण तळाला गेलेलं असतं. पाणी पार आत सरकलेलं, काठावर गाळपेराची जमीन आणि भेगा पडलेला चिखल. होडी त्या चिखलाच्या टोकाशी असते आणि एका रात्रीत पाणी तिच्याखाली शिरतं. नुसत्या आपल्या गावावर पडलेल्या पावसाचा हिशोब करून चालत नाही. गंगापूरच्या वर काश्यपी आणि गौतमी ही धरणं आहेत, त्र्यंबकच्या डोंगरातलं पाणीही इकडेच उतरतं. माझी होडी मी एकदा जूनमध्ये काठच्या बाभळीला आखूड दोराने बांधली होती, ‘कुठे जातेय?’ म्हणून. पाणी चढलं, दोर तेवढाच राहिला. सकाळी होडीचं पुढचं टोक पाण्याखाली आणि मागचं टोक आभाळाकडे. बाभूळ मात्र जागची हलली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असतं, त्यामुळे पाणी फारसं चढत नाही. पण आलेलं पाणी साठवायला जागा नसते, म्हणून दरवाजे उघडतात. मग सांड्याच्या, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेच्या बाजूला ओढ तयार होते, आणि धरणाखालच्या पात्रातल्या होडीला तर पळायलाही वेळ मिळत नाही.

होडी बाहेर काढणं

पाऊस सुरू व्हायच्या आत. आपली काळी माती एकदा भिजली की ट्रॅक्टर होडीपर्यंत जाणार नाही, गेलाच तर ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागेल. सगळ्यांना वादळाच्या आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर हवा असतो, म्हणून दोन दिवस आधीच सांगून ठेवा. छोटी होडी चार-पाच माणसं गोल ओंडक्यांवर किंवा जाड पाइपांवर सरकवत नेऊ शकतात.

किती वर न्यायची? काठावर मागच्या पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ दिसते: अडकलेल्या काटक्या, पालापाचोळा, प्लास्टिक. त्या रेघेच्या वर. झाडाखाली नको, विजेच्या तारांखाली तर मुळीच नको.

आधी इंजिन, इंधनाची टाकी, बॅटरी, वल्ही, जाळी, लाइफ जॅकेट सगळं काढून घरात न्या. मग होडी जुन्या टायरांवर पालथी घाला, पुढचं टोक पूर्वेकडे. दोन दोर आडवे वरून टाकून दोन्ही बाजूंना खुंट्यांना आवळा. खुंटी होडीपासून बाहेरच्या बाजूला तिरकी ठोकायची. भिजलेल्या काळ्या मातीत खुंटी लोण्यासारखी निघते, म्हणून माझा भरवसा पोत्यावर आहे: दगड भरलेलं पोतं दोन-अडीच फूट खोल पुरा, दोर आधीच त्याला बांधलेला असू द्या, आणि माती चोपून घ्या. होडी जड आहे, पालथी होत नाही? मग सुलटी ठेवा, पण तळाचं बूच काढा म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल.

कयाक आणि थर्माकोलचे तराफे सर्वांत आधी आवरा. ते पाण्यापेक्षा हवेतूनच जास्त लांब जातात. शेडच्या आत, शेड नसेल तर एकमेकांवर रचून एकत्र बांधून.

काढता येतच नसेल तर

उथळ, गाळाच्या, पूर्व आणि उत्तर बाजूंनी झाकलेल्या फुगवट्यात न्या. धरणाच्या भिंतीपासून दूर, कारण तिथल्या दगडांच्या पिचिंगवर होडी आपटली तर तळ उरत नाही. सांड्यापासून त्याहून दूर.

पुढच्या टोकाकडून दोन नांगर, एकमेकांपासून फाकवून. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, आणि खोली धरताना आजची नव्हे, पाणी चढल्यावरची धरा. दोर नायलॉनचा घ्या, तो ताणला जाऊन झटका सोसतो. ऊन खाऊन पांढरट पडलेला प्लास्टिकचा दोर अशा वेळी वापरू नका. दोर जिथे होडीच्या काठावर घासतो, तिथे सायकलची जुनी ट्यूब किंवा पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवा. वादळात दोर तुटतो तो बहुधा घासून, जोराने क्वचित.

दुसरा शत्रू पाऊस. साडेचार मीटर लांब, दीड मीटर रुंद उघड्या होडीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर, टोकं निमुळती धरूनही, जवळपास पाचशे लिटर, म्हणजे अर्धा टन पाणी साठतं. तेवढ्या ओझ्याने होडी काठापर्यंत बसते आणि पुढची लाट तिला बुडवते. म्हणून ताडपत्री मधोमध बांबूवर उचलून, उताराने, कडा आवळून बांधा. सैल ताडपत्री शिडाचं काम करते, त्यापेक्षा न बांधलेली बरी.

गोदावरीच्या पात्रात असाल तर

इथे वादळापेक्षा विसर्गाची, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याची बातमी महत्त्वाची. जलसंपदा विभाग विसर्ग क्युसेकमध्ये सांगतो, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नुसता आकडा नव्हे, तो दर तासाला वाढवतायत का ते बघा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं यावर शहर पूर मोजतं, पण तुम्ही तिथवर थांबू नका. गोदाघाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागले की तुमची होडी पात्राबाहेर असायला हवी.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

वारा सुटल्यावर होडी बघायला जाऊ नका. दोर सुटला असेल तर सुटू द्या. मे-जूनच्या वादळात वीजही कडाडते आणि उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता. विजेच्या सूचनेसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर ठेवा. मदत लागली तर ११२, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. शेजारच्या होडीवाल्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाईलची बॅटरी अशाच रात्री संपते.

सकाळी काठावर जाताना पडलेल्या तारांकडे आधी बघा. पालथी होडी उचलताना हात खाली घालू नका, लांब काठीने एक बाजू उचला. पावसात कोरडी जागा शोधणाऱ्या सापांना आणि विंचवांना तुम्ही आयतं घर बांधून दिलेलं असतं. पाण्यात उतरण्याआधी तळ हाताने चाचपून तडा शोधा, दोरांचे घासलेले तुकडे कापून टाका. आणि धरणात वाहून आलेले ओंडके दोन-तीन दिवस पृष्ठभागाच्या जरा खाली तरंगत असतात, म्हणून तोवर इंजिन लावू नका, वल्ह्यांनीच फिरा.