पिचरचं क्षेत्ररक्षण कसं मोजावं: अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब

बेसबॉलमध्ये पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) क्षेत्ररक्षणाचा विषय निघाला की बहुतेक जण आधी फील्डिंग टक्केवारी बघतात, म्हणजे आलेल्या संधींपैकी किती एररविना (चुकीविना) पार पडल्या. पिचरसाठी हा सगळ्यात दुबळा आकडा आहे, कारण त्याच्याकडे संधीच थोड्या येतात. हंगामात ४० संधी आणि २ एरर असतील तर टक्केवारी ०.९५०, एकच एरर असेल तर ०.९७५. शिवाय जो चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याच्या नावावर एररही लागत नाही. प्रश्न विचारायचा तो असा: फटका बसून मैदानात आलेल्या चेंडूंपैकी किती त्याने स्वतः बाद करवले?

एका ओळीत एक हंगाम घ्या: इनिंग (तीन बादांचा डाव), पुटआउट (स्वतः बाद केलेले), असिस्ट (चेंडू फेकून दुसऱ्याकरवी बाद करवलेले), एरर, स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न येताच बाद झालेले). दर हंगामाच्या टक्केवारीची सरासरी काढू नका. आधी मूळ आकडे बेरजेला घ्या, भागाकार शेवटी. इनिंगच्या रकान्यात नेहमीचा घोटाळा होतो: ५००८.१ म्हणजे ५००८ पूर्णांक एक तृतीयांश, पण स्प्रेडशीट त्याला दशांश समजते. सगळं बादांमध्ये बदलून टाका: ५००८ × ३ + १ = १५,०२५.

हे बाद पिचर ग्रेग मॅडक्सचे. त्याचे ५४६ पुटआउट, ११९४ असिस्ट आणि ५३ एरर, म्हणजे टक्केवारी ०.९७०. पुटआउट आणि असिस्टच्या बेरजेला (१७४०) ९ ने गुणून इनिंगने भागलं की रेंज फॅक्टर (दर ९ इनिंगमागे बाद करवण्यातला वाटा) येतो, ३.१३.

पण इनिंगने भागण्यातही अन्याय आहे. दुसरा पिचर नोलन रायन याने ५३८६ इनिंगमध्ये ५७१४ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे त्याचे ३५ टक्के बाद चेंडू मैदानात न येताच झाले. मॅडक्सचे ३३७१, म्हणजे २२ टक्के. म्हणून स्ट्राइकआउट वगळून उरलेल्या बादांनी भागा: मॅडक्ससाठी ११,६५४, दर १०० बादांमागे १४.९. सामोरे आलेले फलंदाज माहीत असतील तर त्यातून स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस मिळालेले), अंगाला चेंडू लागून बेसवर गेलेले आणि होम रन (चेंडू मैदानाबाहेर मारलेले) वजा करा. हा भाजक याहून चांगला. जमिनीवरून जाणारे चेंडू वेगळे मिळत असतील तर तेच वापरा, कारण पिचरचं बहुतेक काम त्यांच्यावरच चालतं.

यानंतर तुलना, आणि ती त्याच हंगामाच्या त्याच लीगशीच. जुन्या काळच्या साय यंगच्या नावावर २०१४ असिस्ट आहेत, पण त्या काळी बंटचा (बॅट हलकेच लावून चेंडू जवळच टाकण्याचा) सुकाळ होता. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून आणि नॅशनल लीगमध्ये २०२२ पासून फलंदाजीला पिचरऐवजी खास नेमलेला फलंदाज उतरू लागला, तसे बंट घटले आणि पिचरचे असिस्टही. लीगच्या सगळ्या पिचरांचा दर काढा, त्याला आपल्या पिचरच्या भाजकाने गुणा, प्रत्यक्ष आकड्यातून वजा करा. हंगामागून हंगाम आलेल्या या फरकांची बेरीज हेच कारकिर्दीचं उत्तर. ३ ते ५ हंगामांहून कमी माहितीवर निकाल देऊ नका.

पुटआउट मात्र जपून वाचा. बरेचसे पहिल्या बेसवर धावत जाऊन घेतलेले असतात; त्यात चेंडू अडवणाऱ्या पहिल्या बेसमनचा वाटा मोठा. पिचरचं खरं कौशल्य असिस्टमध्ये जास्त दिसतं. पण मधून जाणारा जो चेंडू शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) अडवलाच असता, तो पिचरने पकडला तरी संघाचा फारसा फायदा होत नाही.

बेस चोरणाऱ्यांना (चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या बेसकडे पळणाऱ्यांना) रोखणं वेगळ्या रकान्यात ठेवा. मॅडक्स चेंडू अप्रतिम अडवायचा, पण त्याच्यावर बेस भरपूर चोरले गेले. दोन्ही एकत्र केले तर दोन्ही झाकले जातात.

गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा वार्षिक पुरस्कार) पुरावा म्हणून धरू नका. मॅडक्सचे १८ रास्तच आहेत, पण पिचर जिम काटने १९६९ मध्ये ८ एरर करूनही तो मिळवला होता. नाव एकदा झालं की मतं त्यामागे जातात.

२००३ पासून डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड (क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावा) हा मोजमापाचा आकडा मिळतो. त्यात पिचरने चोरी रोखल्याचं श्रेय आधीच असतं, ते पुन्हा जोडू नका. आणि पिचरचं एकूण मोल त्याने दिलेल्या धावांवरून काढत असाल तर क्षेत्ररक्षणाच्या धावा वेगळ्या मिळवूच नका. त्याने अडवलेला चेंडू त्या धावांमध्ये आधीच मोजला गेलेला असतो. हिशेब फक्त स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रनवर बेतलेला असेल तरच त्या मिळवा.