धार काढणाऱ्या हातावर फोड आलाय? आधी म्हशीची सडं बघा

दिवाळीच्या पाडव्याला नाशिकमधले गवळी रेडे-म्हशी घासूनपुसून, शिंगं रंगवून मिरवणुकीला काढतात. घोटी-मालेगावच्या बाजारातून नवी दुभती जनावरंही गोठ्यात येतात. सण जरूर करा. फक्त त्याआधी प्रत्येक म्हशीच्या कासेखाली एकदा बसून नीट बघा.

सडांवर, कासेवर किंवा जांघेत लालसर पुरळ, मग पाण्याचे फोड आणि पुढे काळपट खपल्या, अशी म्हशींच्या देवीची म्हणजे बफेलोपॉक्सची चाल असते. सड दुखतं म्हणून म्हैस लाथ मारते, पान्हा चोरते. दूध तुंबलं की कासदाह होतो आणि खरं नुकसान तिथं होतं. लम्पीशी याची गल्लत करू नका. लम्पीचा विषाणू वेगळा असून तो माणसाला होत नाही. २०२२ च्या साथीत दुधावरून झालेली घबराट विनाकारण होती. म्हशींची देवी मात्र धार काढणाऱ्याला होते. २००९ मध्ये सोलापूर-कोल्हापूर भागात जनावरांबरोबर माणसांनाही तिची लागण झाली होती.

माणसांची देवी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० मध्ये जाहीर केलं आणि देवी टोचणं थांबलं. दंडावर ती जुनी खूण असलेल्या आजीला काहीसं संरक्षण असेल, पण आज धारेला बसणाऱ्या पोरांना आणि सुनांना ते नाही.

म्हणून धारेचा क्रम ठरवा: आधी निरोगी जनावरं, आजारी म्हैस सगळ्यात शेवटी. जमलं तर तिच्यासाठी माणूसही वेगळा ठेवा. हाताला चीर किंवा जखम असेल त्यानं तिला हात लावू नये. हातमोजे घाला, नसतील तर धारेआधी आणि नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. सडं पोटॅशियम परमॅंगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यानं धुऊन पशुवैद्यकांनी दिलेलं मलम लावा. कास पुसायचं फडकं प्रत्येक जनावराला वेगळं हवं; एकच फडकं साऱ्या गोठ्यात फिरवायची आपली सवय वाईटच आहे. रेडकाला आजारी सडाला तोंड लावू देऊ नका, त्याच्या तोंडावर फोड येतात. त्याला दूध उकळून, कोमट करून भांड्यानं पाजा. फोड फोडू नका, गळालेल्या खपल्या गोळा करून जाळा; त्यांत विषाणू बराच काळ टिकतो. घरातही दूध उकळूनच प्या.

हातावर, बोटांवर फोड आले, ताप आला, काखेत गाठ आली तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून चोळत बसू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर दुखणं वाढू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, ‘मी म्हशीची धार काढतो, तिच्या सडांवर फोड आहेत.’ एवढ्या एका वाक्यावर निदानाची दिशा ठरते. फोड झाकून ठेवा, घरच्यांचा टॉवेल वापरू नका, लहान मुलांना जवळ घेऊ नका. बहुतेकांना तीन-चार आठवड्यांत बरं वाटतं.

त्याच दिवशी १९६२ वर फोन करून पशुवैद्यकांना बोलवा आणि गावातल्या आशाताईंनाही कळवा. गोठ्यातला आणि घरातला रोग एकच आहे का, हे जनावर आणि माणूस दोघांचे नमुने तपासल्यावरच कळतं. दूध डेअरीला जाणं बंद होईल या भीतीनं पुष्कळजण गप्प राहतात, आणि तोवर शेजारच्या चार गोठ्यांत रोग पोचलेला असतो.

बाजारातून आणलेली म्हैस दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. फोड किंवा खपल्या असलेलं जनावर यंदा मिरवणुकीला नेऊ नका आणि विकायलाही काढू नका.