खोसा भाषेची सुरुवात

दक्षिण आफ्रिकेतली, विशेषतः ईस्टर्न केप प्रांतातली ही भाषा रोमन लिपीत लिहितात, पण त्यातली तीन अक्षरं जिभेच्या टिचकीची आहेत. सी म्हणजे हळहळताना काढतो तो 'च्च'. एक्सचा आवाज जिभेच्या कडेने, दाढांपाशी. क्यूचा टाळूवरून, मोठा. आधी सुटे म्हणा, मग पुढे स्वर जोडा. टी-एच, पी-एच, के-एच हे मात्र आपले थ, फ, ख. पी-एचचा इंग्रजी एफ केलात की चुकलात.

एकाला 'मोलो', अनेकांना 'मोल्वेनी'. 'उंजानी?' म्हणजे कसा आहेस, उत्तर 'न्दिफिलीले'. 'एन्कोसी' धन्यवाद, 'एवे' हो, 'हायी' नाही. निरोपात निघणारा 'साला काकुह्ले' म्हणतो, राहणारा 'हांबा काकुह्ले'. इथे हमखास उलटापालट होते. वयाने मोठ्यांना 'ताता' किंवा 'मामा' म्हणावं. मामा म्हणजे आई, हे विसरू नका!

खरी मेख नामांच्या वर्गांत, म्हणजे सुरुवातीच्या अक्षरांवरून पडणाऱ्या नामांच्या गटांत आहे. एकवचनाचं अनेकवचन करताना बदल शब्दाच्या शेवटी नाही, सुरुवातीला होतो आणि क्रियापदही त्याच्यामागे जातं: 'उम्न्तू उयाथेथा' (माणूस बोलतो), 'अबान्तू बायाथेथा' (माणसं बोलतात). खुर्ची 'इसितुलो', खुर्च्या 'इझितुलो'. म्हणून 'इसितुलो सिफी?' (खुर्ची कुठे आहे?), पण 'इझितुलो झिफी?'. नाम पाठ करताना एकवचन-अनेकवचन जोडीनेच करा.

'मी'साठी 'न्दि', 'आम्ही'साठी 'सि'. क्रियापदावर वाक्य संपलं तर मध्ये 'या' येतो: 'न्दियाथेथा'. पुढे कर्म आलं की तो सहसा गळतो: 'न्दिथेथा इसिखोसा', मी खोसा बोलतो.