जुन्या गाडीची पॉवर विंडो बंद पडल्यास दोष कसा शोधावा

काच हलेनाशी झाली की बहुतेकांचा पहिला संशय मोटरवर जातो. मात्र मोटर हा महागडा भाग असल्याने तो सर्वात शेवटी तपासावा, असे माझे मत आहे. सर्वच काचा एकदम बंद पडल्या असतील, तर प्रथम फ्यूज पाहावा. केवळ प्रवाशांकडील काचा हलत नसतील, तर चालकाच्या दारावरील काचांच्या लॉकचे बटण चुकून दाबले गेले आहे का, तेही पाहावे.

एकच काच अडली असल्यास इग्निशन चालू करून स्विच दाबावा आणि दाराला कान लावावा. मोटर फिरल्याचा आवाज येऊनही काच जागची हलत नसेल, तर रेग्युलेटरची (काच वर-खाली सरकवणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटलेली किंवा काच तिच्या पकडीतून निसटलेली असण्याची शक्यता अधिक असते.

काहीच आवाज येत नसेल, तर दाराचे आतील पॅनेल काढून मोटरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर (विजेचा दाब मोजणारे उपकरण) लावावा. स्विच दाबल्यावर तेथे सुमारे १२ व्होल्ट मिळत असतील, तर दोष बहुधा मोटरचा आहे. विजेचा दाब मिळत नसल्यास स्विचचे काजळलेले संपर्कबिंदू पाहावेत आणि दार व ते ज्याला जोडलेले असते तो गाडीचा खांब यांच्यामधील रबरी नळी सरकवून आतील वायरी एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहाव्यात, कारण दाराच्या रोजच्या उघडझापीने वाकून वाकून तांब्याची तार आतल्या आत तुटते आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. रेग्युलेटर सोडवण्यापूर्वी काच चिकटपट्टीने चौकटीला पक्की बांधावी.