उद्यमबागेत नवीन लागताय? समोरचा कुठल्या खुर्चीवरून बोलतोय ते आधी बघा

खानापूर, जांबोटी, येळ्ळूर, कडोली हिकडनं आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून दरवर्षी पोरं बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या कारखान्यांत लागतात. मशीन शिकवणारे त्यांना भेटतात, पण माणसं कशी ओळखायची ते कोण बसून सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. मी आधी ऑपरेटर होतो, मग सेटर (मशीनवर टूल आणि माप लावून देणारा), आता क्वालिटीला आहे, म्हणजे एकाच शॉपमधल्या तीन जागांवरून तीच माणसं बघितली.

आपल्याकडं फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स सगळं एकमेकांच्या जॉबवर्कवर चालतं, त्यामुळं माणसाची जागा सारखी बदलते. आज तुमच्या शेजारी लेथवर उभा असलेला उद्या स्वतःची शेड टाकतो आणि तुमच्याच कंपनीचा व्हेंडर होऊन चलन हातात घेऊन गेटवर येतो. रिटायर झालेला सुपरवायझर माणसं पुरवायचा ठेका घेतो. परचेसमधला नोकरी सोडून इन्सर्ट आणि टूल विकायला लागतो. तुम्ही त्याला अजून काकाच म्हणता, तोही तुमची प्रेमानं चौकशी करतो, पण आता त्याचं पोट कशावर आहे हे बदललेलं असतं. तो वाईट झाला असं अजिबात नाही. फक्त काल त्यानं "ह्यो दर बरोबर हाय" म्हटलं आणि आज तेच म्हटलं, तर दोन्हीचं वजन सारखं धरायचं नाही एवढंच.

एक प्रसंग सांगतो. सिलिंडरच्या एका पार्टला 40 एच7 चा बोअर होता, म्हणजे भोक 40.000 ते 40.025 मिलिमीटरमध्ये बसायला पाहिजे, मधे फक्त 25 मायक्रॉन. नाईट शिफ्ट, सकाळी गाडी भरायची होती. पहिल्या पीसमध्ये प्लग गेजची (भोक तपासायच्या दांड्याची) नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती अर्धी आत गेली, म्हणजे भोक मोठं झालं होतं. सुपरवायझर म्हणाले, "चालव रे, मी हाय की." माणूस खरंच चांगला, पोरांच्या घरी अडचण आली तर स्वतःच्या खिशातनं पैसे देणारा. पण त्या वेळी ते डिस्पॅचच्या खुर्चीवरून बोलत होते, सकाळी उत्तर त्यांना द्यायचं होतं. त्यावेळचे इन्स्पेक्टर, जे कधीकाळी त्याच मशीनवर ऑपरेटर होते, त्यांनी गेज पुसला, पीस पुसला, परत घातला, परत तेच. मग लाल टॅग लावून पीस अडवला आणि ऑपरेटर पोराला शांतपणे म्हणाले, "बोरिंग बारचा ऑफसेट बघ, पुढचा पीस मला दाखवल्याशिवाय सायकल स्टार्ट करू नकोस." सुपरवायझरांबरोबर त्यांची रोजची चहाची बैठक, तरी सही केली नाही. त्या रात्री मला कळलं की विश्वास हा माणसाच्या स्वभावावर एक ठेवायचा आणि त्याच्या सहीवर वेगळा ठेवायचा. घरच्या अडचणीला मी आजसुद्धा त्या सुपरवायझरांकडंच जाईन, पण फर्स्ट पीसचं विचारायला जाणार नाही.

म्हणून नवीन पोरांना मी हेच सांगतो की "ह्यो माणूस भरवशाचा हाय का" असं विचारू नका, "कशासाठी भरवशाचा" असं विचारा. स्टोअरवाला टूलच्या बाबतीत एक नंबर खरा असेल आणि ओव्हरटाइमच्या हिशोबात त्याला काहीच माहीत नसेल. आणि तोंडी ओके दिलं की लगेच साधेपणानं म्हणायचं, "सर, रिपोर्टवर तेवढी सही करता काय?" चिडून नाही, संशयानं नाही, रोजची पद्धत म्हणून. ज्याला स्वतःच्या बोलण्याची खात्री असते तो पेन काढतो. जो हात वर करतो, तो किती गोड बोलत असला तरी ते काम पुढं रेटायचं नाही.

आता भाषेचं. हे बेळगाव आहे, इथं 1956 पासूनचा सीमाप्रश्न घराघरात आहे, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. 1 नोव्हेंबरला एका बाकावर डबा खाणारे दोघं बाहेर गेले की एक कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतो आणि एक मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या फेरीत. दोघंही मनापासून गेलेले असतात, ते मी खोटं म्हणणार नाही. पण गावाकडनं येणारं मराठी पोरगं पहिल्या दिवशी आपली भाषा बोलणाऱ्याला शोधतं आणि त्याच्यावर डोळे झाकून सगळं सोपवतं, ते मला धोक्याचं वाटतं. मला नोटीस बोर्डावरचा कन्नड मजकूर ओळ न् ओळ वाचून सांगणारे आणि "सही करायच्या आधी एचआरला हे विचार" म्हणणारे अण्णा घरी कन्नडच बोलायचे. आणि "आपल्यातला हाय रे" म्हणून पोरांना कामाला घेऊन पीएफ न भरणारा एक ठेकेदार अस्सल मराठी बोलायचा. भाषेनं ओळख लवकर होते हे खरं, पण भरवसा ठेवायचा तो वागणं बघून.

ठेकेदाराचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात. गेटमधे घेणारा एक, काम सांगणारा दुसरा, पगार देणारा तिसरा. पहिल्याच आठवड्यात स्पष्ट विचारा, "माझी पगाराची स्लिप कुणाच्या नावानं निघणार?" पीएफ तुमच्या वाट्याचा 12 टक्के कापतात, तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, मागून घ्या, उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा आणि स्लिपवर कापलेली रक्कम तिथं दिसते का बघा. महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचंही (कामगार विम्याचंही) तसंच, तुमचे 0.75 टक्के जातात, म्हणून कार्डाचा नंबर हातात पाहिजे. "भरूलाय रे, पुढच्या महिन्यात दिसतंय" हे एकदा ऐकून घ्या, दुसऱ्यांदा पासबुकाचा स्क्रीनशॉट घेऊन एचआरकडं जा. एचआर कंपनीचा माणूस आहे, तुमचा वकील नाही, पण ठेकेदारानं भरलं नाही तर ते कंपनीच्याही गळ्यात येतं, त्यामुळं ह्या एका विषयात त्याचं आणि तुमचं हित एकाच बाजूला असतं, आणि तेवढ्यापुरता तो तुमच्यासाठी खरंच धावतो.

सगळ्यात अवघड असतं ते मित्र सेटर नाहीतर लाइन इन्चार्ज होतो तेव्हा. काल दोघं मिळून साहेबांबद्दल बोलत होता, आज तोच रजेच्या अर्जावर सही करणार. लगेच "बदलला रे तो" म्हणत बसू नका, त्याच्यावर आता वरून टार्गेट आहे. एकदा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या रेल्वे गेटजवळ चहाला घेऊन जा आणि सरळ विचारा, "भावा, शॉपमधे तुला काय सांगायचं आणि काय नाही?" चांगला असेल तर तोच सांगेल, "माझ्याजवळ मॅनेजरचं काय बोलू नकोस, मला विचारलं तर लपवता येणार नाही." असं तोंडावर सांगणारा मित्र मला मिळालाय. आता आम्ही शॉपमधलं शॉपमधे बोलतो, बाकी गणपतीला त्याच्या घरी जेवायला असतोच.